कोऱ्या पाटीचा सामना

त्याच्या हातचे दात शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडात होते, पण त्याला स्वतःला दात दाखवून हसताना पाहिलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. हा त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणावर एकेक दात बसवायचा, चाकावर घासून चकचकीत करायचा आणि कवळी डबीत घालून परत पाठवायचा. ज्याच्या तोंडात ती जायची त्याचं तोंड याने कधी बघितलेलं नसायचं. इमारतीत त्याला सगळे दातवाला म्हणत. तळमजल्यावर मागच्या बाजूची खोली त्याची, तीच कार्यशाळा आणि तिच्याच पडद्यामागे पलंग. फळ्यांवर जबडे आ वासून बसलेले असायचे. नवीन कुरिअरवाला पहिल्यांदा आला की दचकायचा आणि पुढच्या खेपेला आपल्या आईच्या कवळीचं काय पडेल ते विचारायचा.

लग्नाचं राहूनच गेलं होतं. का राहिलं, हे विचारायला आलेल्यांना तो म्हणायचा, "दात आहेत तर चणे नाहीत." लोक हसायचे आणि विषय संपायचा. माणूस असा शब्दांचा कंजूष. पण सकाळी त्याच्या खोलीत डोकावलं तर एका मोठ्या जबड्याच्या साच्यात फोन उभा केलेला दिसायचा, त्यावर एक छोटा चौकोन, चौकोनात एकेक ठिपका उमटतोय, आणि हा गृहस्थ हातातलं मेण विसरून त्या ठिपक्यांकडे बघतोय. तो बेसबॉल होता. सातासमुद्रापलीकडे कुणीतरी चेंडू टाकला की इकडे ठिपका पडायचा. हिरवा पडला तर चेंडू वाया गेला, लाल पडला तर फलंदाज चुकला. बाकी सगळं मनाने रंगवायचं. बेसबॉलची बॅट या माणसाने उभ्या आयुष्यात हातात धरली नव्हती.

हा नाद त्याला दादाने लावला. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आणि दादाला तो नोकरीने लावला. दादा बरीच वर्षं कानाला हेडफोन लावून परदेशातल्या लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायचा. त्याच्या वाट्याला एकच शहर आलं होतं. तिथली माणसं कधी गोड बोलायची, कधी आईबापाचा उद्धार करायची, आणि मशीन तर तेच! शेवटी एका आजीबाईंनी, मशीन पुन्हा चालू होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून, त्याला उलगडून सांगितलं, की बाबा रे, आमचा संघ हरला की आम्ही असे वागतो. त्या दिवसापासून दादा कामाला बसण्याआधी निकाल बघायला लागला. हरले असतील तर पहिलं वाक्य माफीचं. त्याला वर्षाअखेर चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं ते या शहाणपणावर.

संघ बहुतेक वेळा हरायचाच. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसा, दर वर्षी तळाशी. पण रोज ज्याचं दुःख बघावं लागतं त्याच्याशी नातं जुळतंच. नोकरी सुटली, वहिनी गेल्या, दादाचं घर रिकामं झालं, तरी त्या संघातली "आपली मंडळी" सुटली नाहीत. दातवाल्याला त्याने खेळ शिकवला तो वहिनी गेल्यावरच. दोघं भाऊ एरवी समोरासमोर बसले तर पंख्याकडे बघत बसायचे. बेसबॉलने त्यांना बोलायला काहीतरी दिलं. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा आणि लॅपटॉपवर चित्र बघायचा. चित्र ठिपक्यांच्या मागून यायचं, म्हणून धाकट्याला निकाल आधी कळायचा आणि दादाची सक्त ताकीद होती, की मी बघण्याआधी तोंड उघडायचं नाही. दर डाव संपला की दादाचा मेसेज यायचा. "गाढवं आहेत." किंवा "मास्तरला काढा." किंवा नुसतं "हं."

या मेसेजांवर आणखी एका माणसाचं लक्ष होतं. ती आक्का, दोघांची थोरली बहीण, राहायला दुसऱ्या गावी. मागच्या वर्षी एका सकाळी दादाचं तोंड जरासं वाकडं झालं होतं आणि तासाभरात आपोआप सरळही झालं होतं. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर पळत आणा, यात घड्याळ बघून औषध द्यावं लागतं. आक्काने रोज फोन करायला सुरुवात केली, तर दादा खवळला. "मी मेलो की आहे हे तपासायला फोन करता का?" म्हणून त्याने तिचा फोन उचलणंच बंद केलं. मग आक्काने धाकट्याला गाठलं.

"तुमचं ते चेंडूफळीचं चालतं ना सकाळी? त्यात तो लिहितो ना काहीतरी?"

"दर डावाला लिहितो."

"मग झालं तर. तू लक्ष ठेव. त्याला कळू देऊ नकोस. लिहिलं म्हणजे आहे, नाही लिहिलं तर तू धाव. मी इथून उडत येऊ शकत नाही बाबा."

"बरं."

"बरं नव्हे. शब्द दे."

त्याने शब्द दिला. आयुष्यात कुणी त्याच्यावर काही सोपवलेलं नव्हतं, मेलेल्या जबड्यांखेरीज. त्याने ते काम मनापासून केलं. "गाढवं आहेत" असं आलं की तो हातातली कवळी खाली ठेवून आक्काला कळवायचा, "ठीक आहे." दादाच्या शिव्या म्हणजे त्याची नाडी होती आणि ती सकाळभर याच्या खोलीत चालायची.

आता बेसबॉलमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चेंडू टाकणारा पिचर कधीतरी, वर्षानुवर्षांतून एकदा, असा काही टाकतो की अख्ख्या सामन्यात समोरच्या एकालाही सरळ फटका मारून पहिला टप्पा गाठता येत नाही. सामना नऊ डावांचा, तिघे बाद झाले की डाव संपतो; नऊच्या नऊ डाव फळ्यावरचा तो रकाना शून्यच राहतो. दोघं भाऊ त्याला कोरी पाटी म्हणायचे, तेही नंतर. कारण रीत अशी, की ते चालू असताना त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलं की बिघडलं. मैदानातले त्याचे सवंगडी त्याच्या शेजारी बसत नाहीत, समालोचक भलतंच बोलतात, आणि जगभरचे चाहते इंटरनेटवरच्या त्यांच्या पानावर हवापाण्याच्या गप्पा मारायला लागतात. एवढी मोठी शिकलेली माणसं, पण सगळ्यांची हाताची घडी, तोंडावर बोट!

दादाचा नियम त्याहून कडक. पाटी चौथ्या डावापर्यंत कोरी राहिली की मेसेजच बंद. शब्द नाही, अंगठा नाही, काही नाही. एकदा, अगदी सुरुवातीला, दातवाल्याने सहाव्या डावात न राहवून लिहिलं होतं, "दादा, पाटी अजून कोरी!" पुढच्याच फलंदाजाने असा टोला हाणला की चेंडू कुंपणाला लागला. दादाने त्यानंतर महिनाभर त्याच्याशी संबंध ठेवला नाही. शेवटी दादाची एक कवळी ढिली झाली म्हणून बोलणं सुरू झालं. धाकट्याने कानाला खडा लावला. आणि आक्काला शब्द देताना, एक दिवस असाही येऊ शकतो, हे तिला सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या मंडळींच्या नशिबी कोरी पाटी? आंधळ्याला एक डोळा मिळायची मारामार, तिथे दोन कोण मागतो?

तो दिवस आला तेव्हा मोसम संपत आला होता आणि मंडळी नेहमीप्रमाणे तळाशी होती. चेंडू टाकायला मास्तर होता. त्याचं खरं नाव वेगळं, पण चष्मा लावणारा, पोट सुटलेला, चार संघांनी हाकललेला हा माणूस दोघा भावांना शाळामास्तरसारखा दिसायचा. पहिल्या डावानंतर दादाने लिहिलं, "आज मार खाणार." दुसऱ्यानंतर, "अजून खाल्ला नाही." तिसऱ्यानंतर नुसतं, "हं."

चौथा डाव कोरा गेला. मेसेज आला नाही. दातवाल्याच्या अंगावर काटा आला. दादालाही कळलंय तर! त्याने मेणाची सुरी खाली ठेवली आणि दार लावून घेतलं. पाचवा कोरा. चाहत्यांच्या पानावर कुणी आपल्या मांजराचा फोटो टाकला, कुणी पावाला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं ते विचारलं, आणि शेकडो लोकांनी इमानेइतबारे उत्तरं दिली. सहावा कोरा. दादाने फोन उघडलेलाच नव्हता. शेवटचं कधी पाहिलं ते तिथे दिसत होतं, ती वेळ तिसऱ्या डावाची. दातवाल्याला त्याचा अभिमान वाटला. दादाने फोन पालथा घालून ठेवला असणार. नियम म्हणजे नियम.

सातव्या डावात आक्काचा फोन आला.

"काय रे, आज कळवलं नाहीस. त्याचा मेसेज आला का?"

"आला होता. तिसऱ्या डावाला."

"आता कितवा चाललाय?"

"सातवा."

"मग मधले कुठे गेले?"

"आक्का, आज नाही येणार. आज बोलायचं नसतं."

"बोलायचं नसतं म्हणजे? मौनव्रत घेतलंय का?"

"तसंच समज. नंतर सांगतो. आता विचारूसुद्धा नकोस."

"मला नाही कळत तुमचं. मी लावते त्याला फोन. उचलला नाही तरी निदान कापेल, तेवढं पुरे."

"अजिबात नको!" तो इतक्या जोरात ओरडला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आज फोन वाजला आणि तिकडे काही बिनसलं, तर तो जन्मात माझं तोंड बघणार नाही. तासाभराचा प्रश्न आहे. माझी जबाबदारी."

लहानपणापासून आक्काने याला कशाचीही जबाबदारी घेताना ऐकलं नव्हतं.

"तू म्हणतोस तर राहिलं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आठवा कोरा गेला. नवव्यात दोघे बाद झाले आणि तिसऱ्याने चेंडू उंच उडवला. उंच उडाला एवढंच ठिपक्यांवर कळत होतं. मग स्क्रीन थांबली, गोल गोल फिरत राहिली, आणि त्या फिरण्यात दातवाल्याने आयुष्यात न केलेली प्रार्थना केली. अक्षरं उमटली: झेल. सामना संपला. तो उठला आणि बंद खोलीत सगळ्या जबड्यांच्या समोर दोन्ही हात वर करून उभा राहिला. रडतही होता. अशा माणसांना आनंद सुद्धा पेलायची सवय नसते.

दादाचं चित्र मागून येतं, म्हणून त्याने दम धरला. मग लिहिलं, "दादा!" मग, "दादा बघितलंस ना?" मग, "मास्तर!! आपला मास्तर!!" उत्तर नाही. रडत असेल, त्याला वाटलं. दादा वहिनी गेल्या तेव्हाही आतल्या खोलीत जाऊन रडून आला होता. सावरू दे त्याला. दुपारी द्यायची कवळी राहिली होती, ती त्याने गुणगुणत पुरी केली, पोहोचती केली. आज मेसेजवर भागवायचं नाही, प्रत्यक्ष जायचं असं त्याने ठरवलं होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक घेतला. बसमध्ये तो खोका मांडीवर धरून बसला होता आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "वाढदिवस का?" तर हा चक्क हसला आणि म्हणाला, "त्याहून मोठं."

दार वाजवूनही उघडलं नाही. शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे जादा किल्ली असायची, ती त्याने घेतली. जिने चढताना जे वाक्य त्याने घोळवलं होतं ते दार उघडताच आपोआप तोंडातून बाहेर पडलं, "दादा, झाली रे कोरी पाटी!" आणि मग त्याला दिसलं.

खुर्ची आडवी पडली होती. दादा पलंग आणि टेबलाच्या मध्ये फरशीवर पडला होता, एक पाय अंगाखाली दुमडलेला. टेबलावर लॅपटॉप चालूच होता आणि त्यावर माणसं मास्तरला खांद्यावर घेऊन नाचत होती, पुन्हा पुन्हा तेच. फोन तिथेच पालथा होता. दादा शुद्धीत होता. डोळे उघडे होते आणि ते सरळ याच्याकडे बघत होते. म्हणजे सगळं त्याने ऐकलं होतं. समालोचन ऐकलं होतं, आणि टेबलावर थरथरणारा फोनही. भावाचे मेसेज एकामागून एक येत होते आणि त्याचा हात उठत नव्हता.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण आली. तिने झटपट तपासलं आणि विचारलं, "हे ठीक होते, असं नक्की शेवटचं कधी माहीत आहे?"

"तिसऱ्या डावाच्या शेवटी," दातवाला म्हणाला.

"म्हणजे किती वाजता?"

त्याने फोन काढून दादाचं "हं" दाखवलं. तिने मनाशी हिशेब केला आणि तिचा चेहरा बदलला. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं. ती टळून गेलीय. आता उशिरा दिलं तर उलट रक्तस्राव होईल."

"सातव्या डावात आणलं असतं तर?"

"सातवा डाव म्हणजे?"

त्याने आक्काचा फोन आला होता ती वेळ सांगितली.

"तेव्हा आणलं असतं तर देता आलं असतं," ती म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक ती काय बोलली. तिला दुसऱ्या खाटेकडे जायचं होतं, ती गेली.

दैव देतं आणि कर्म नेतं, असं आपण म्हणतो. इथे दोन्ही एकाच सकाळी झालं आणि एकाच कोऱ्या पाटीपायी. बाकी जगात त्या दिवशी तळाच्या संघाचा एक बिनमहत्त्वाचा सामना झाला, एवढंच.

दादाला आक्काकडे नेलं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचा पलंग टाकला. उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि वाचाही. उरला एक आवाज, "बा". पाणी हवं असलं तरी बा, कूस बदलायची असली तरी बा, पंखा नको असला तरी बा. आक्का अंदाजाने एकेक करून बघायची आणि चुकली की दादा डोळे मिटून घ्यायचा. दातवाला दर सुट्टीला जायचा. त्याने दादाच्या कवळीचा नवीन ठसा घेतला, दोनदा बनवली, तिसऱ्यांदा बनवली. तोंडाची एक बाजूच धरत नव्हती, तिथे कवळी कशाला धरेल? शेवटी आक्का म्हणाली, "राहू दे. पेजेला दात लागत नाहीत."

ती कधीच काही बोलली नाही. हेच त्याला सोसेना. एक दिवस स्वयंपाकघरात ती भांडी पुसत होती तेव्हा तो म्हणाला, "आक्का, शिव्या तरी दे मला."

"कशाबद्दल?"

"तू फोन लावत होतीस. मी नको म्हटलं."

आक्का भांडं पुसतच राहिली. "तू म्हणालास आणि मी ऐकलं. तुला नाही कळलं, ठीक आहे. पण मी थोरली ना? मी कशाला ऐकलं तुझं?" तिने फडकं ओट्यावर टाकलं. "तू पहिल्यांदाच म्हणालास रे, माझी जबाबदारी. मला बरं वाटलं. म्हणून ऐकलं."

त्याला वाटत होतं अपराध आपला एकट्याचा आहे, आणि आता कळलं की अर्धा त्याने बहिणीच्या पदरात टाकलाय. वाटून घेतल्याने तो कमी झाला नव्हता.

मोसम पुन्हा सुरू झाला तेव्हा तो आक्काकडे गेला ते ठरवूनच. दादाला तो सामना दाखवायचा होता. दादाच्या कानांवर पडला होता, पण फरशीवरून स्क्रीन दिसली नसणार. शिवाय त्याला माफी मागायची होती आणि रिकाम्या तोंडाने ती मागवत नव्हती. त्याने दादाच्या पाठीशी उश्या लावल्या, लॅपटॉप मांडीवरच्या फळीवर ठेवला आणि नववा डाव लावला. दादाचा डावा डोळा पडद्यावर होता. उजव्यातून पाणी वाहत होतं, पण ते त्यातून कायमच वाहायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पापणी नीट मिटत नाही म्हणून वाहतं, त्याचा काही अर्थ नसतो.

एक बाद. दुसरा बाद. चेंडू उंच उडाला आणि मागे धावणाऱ्या खेळाडूने तो झेलला. मास्तरने चष्मा काढला आणि गुडघ्यांवर बसला. त्याच्यावर माणसांचा ढीग पडला.

"दादा," दातवाला म्हणाला, "मी यायला हवं होतं. आक्काला फोन करू द्यायला हवा होता. मला वाटलं तू नियम पाळतोयस. माझं चुकलं रे दादा."

दादाने मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठांची डावी बाजू हलली.

"बा."

"काय दादा?"

"बा. बा."

आवाज चढला होता. आनंद होता की शिवी होती, की पुन्हा लाव म्हणत होता की बंद कर म्हणत होता, की चालता हो म्हणत होता, ते त्या एका अक्षरातून कळायला मार्ग नव्हता. दातवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. सगळा जन्म त्याचा तोंडं घडवण्यात गेला होता आणि या एका तोंडातलं त्याला काही उमगत नव्हतं.

"काय म्हणतोय तो?" आक्काने आतून विचारलं.

"कळत नाही."

"पाणी मागत असेल. दे."

त्याने पेला भरला आणि दादाच्या ओठांशी नेला. दादाने डोळे मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून खाली सांडलं आणि त्याने ते आपल्या हाताने पुसलं.